आवाज फाटतो की तुटतो?

वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन ग्रुप कॉलमधला आवाज

ग्रुप कॉलमध्ये आवाज खराब येतो, अशा तक्रारींची पत्रं या वेळी बरीच आहेत आणि बहुतेकांनी पत्रातच 'नेट स्लो आहे' असा निकाल लावून टाकलाय. तो घाईचा आहे. आवाज फाटणं आणि आवाज तुटणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. जोरात बोललं की कर्कश होतो, 'भ', 'फ', 'प' आले की फटका बसतो, हळू बोललं की बरा येतो, तो फाटलेला आवाज. त्याचं मूळ माइकमध्ये नाहीतर माइकच्या लेव्हलमध्ये असतं. नेट कितीही वाढवा, फरक पडणार नाही. अक्षरं गळतात, शब्द लांबतो, माणूस मशीनसारखा बोलू लागतो, तो तुटलेला. तिथं वायफाय, नेट, ब्लूटूथ किंवा दमलेला कॉम्प्युटर बघायचा.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा तो असा, की कुणाचा आवाज कुणाला खराब येतो? एकाचा आवाज सगळ्यांना खराब येत असेल तर दोष बोलणाऱ्याकडे. सगळ्यांचे आवाज एकालाच खराब येत असतील तर दोष ऐकणाऱ्याकडे. सगळ्यांना सगळ्यांचेच खराब येत असतील तरच सर्व्हरकडे बोट दाखवा. एवढं ठरवल्याशिवाय नवा माइक विकत घेऊ नका.

प्रश्न : आम्ही सात-आठ मित्र रात्री डिस्कॉर्ड या ग्रुपने बोलायच्या अॅपवर अभ्यासाला बसतो. त्यातल्या एकाचा आवाज सगळ्यांना रोबोसारखा यायलाय. त्याला मात्र आम्ही सगळे स्वच्छ ऐकू येतो. त्यानं नवा हेडफोन घेतला, तरी तेच. चॅनेलचा रीजन बदलून बघूया काय? (टिळकवाडी, बेळगाव)

रीजन, म्हणजे कुठल्या भागातला सर्व्हर वापरायचा ते, बदलून काही होणार नाही. एकाचाच आवाज बिघडतोय, म्हणजे त्याच्याकडून बाहेर जाणारी वाट खराब आहे. येणारी चांगली आहे, म्हणून त्याला तुम्ही स्वच्छ ऐकू येता.

डिस्कॉर्ड आवाज ओपस या कोडेकने, म्हणजे आवाज आकड्यांत बांधायच्या पद्धतीने, पाठवतो. बोलणं साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. त्यातलं एखादं हरवलं तर पलीकडचं अॅप आधीच्या आवाजावरून अंदाजाने जागा भरतं आणि कानाला कळतही नाही. लागोपाठ तीन-चार हरवली की ६० ते ८० मिलिसेकंदांचं भगदाड पडतं. एवढ्यात एक व्यंजन सहज जातं. अॅप मागचाच स्वर ताणत राहतं आणि तोच तुम्हाला रोबो वाटतो. पाकीट हरवलंच पाहिजे असंही नाही. उशिरा पोचलं तरी त्याची वाजायची वेळ टळलेली असते, मग ते फेकूनच द्यावं लागतं. म्हणून स्पीड टेस्टवर १०० एमबीपीएस दिसत असूनही बोलणं तुटू शकतं. बोलण्याला वेग फार लागत नाही, नेमकेपणा लागतो.

मित्राला आधी लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडून बोलायला सांगा. हेडफोन तोच, लॅपटॉप तोच, बदललं फक्त नेट. आवाज सुधारला तर हेडफोनचे पैसे वाया गेले असं समजा आणि घरच्या वायफायकडे वळा.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग', मग राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), मग '-टी' असं इंग्रजी अक्षरांत टाकून दोन-तीन मिनिटं चालू द्यायचं, थांबवायला कंट्रोल आणि सी. घरातल्या घरात उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवं. मधूनच ८०, २०० असे आकडे उड्या मारत असतील किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर बिघाड लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्येच आहे. नेट देणाऱ्याला फोन करून काही उपयोग नाही. इथं सगळं ठीक असेल तर हीच चाचणी ८.८.८.८ या पत्त्यावर करा. तिथं आकडे नाचले, तर मात्र तक्रार करायला तुमच्या हातात पुरावा आला. डिस्कॉर्डमध्ये खाली डावीकडे 'व्हॉइस कनेक्टेड' असं हिरवं लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक केलं की पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) आणि पॅकेट लॉस (हरवलेल्या पाकिटांचं प्रमाण) दिसतो. बोलताना पॅकेट लॉसचा आकडा शून्याच्या आसपास राहिला पाहिजे.

वायफायवर जाणाराच आवाज बिघडण्याचं एक साधं कारण आहे. राउटर मोठ्याने बोलतो, लॅपटॉप हळू. राउटरचं लॅपटॉपला ऐकू जातं, लॅपटॉपचं राउटरला जात नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या भिंती हे काम आणखी अवघड करतात. ५ गिगाहर्ट्झची पट्टी त्या भिंतीपलीकडे फारशी टिकत नाही. एकाच खोलीत असाल तर ५ वापरा, मध्ये भिंत असेल तर २.४. मात्र २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी असते. तिथं राउटरमध्ये चॅनेल 'ऑटो' न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. वायफायच्या डोंगलशेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावली असेल तर ती लांब न्या, ती २.४ गिगाहर्ट्झवर सरळ गोंगाट करते. आणि शक्य असेल तर हा सगळा उपद्व्याप सोडा, राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची केबल ओढा.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी फोनचा फोटो बॅकअप. तो अपलोड भरून टाकतो, आणि आवाजाची पाकिटं राउटरमध्ये त्याच्या मागे रांगेत उभी राहतात. रात्री फोन चार्जिंगला लागले की बॅकअप सुरू होतो, म्हणून 'दहानंतर आवाज बिघडतो' अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा.

नेट निर्दोष निघालं तर टास्क मॅनेजर उघडा. गेम, स्क्रीन शेअर आणि ब्राउझरचे वीस टॅब एकत्र चालवून सीपीयू शंभराला टेकला असेल, तर आवाजाचे तुकडे वेळेवर बनतच नाहीत. लक्षण नेटच्या बिघाडासारखंच, पण पॅकेट लॉस शून्य दिसतो. डिस्कॉर्डच्या 'व्हॉइस अँड व्हिडिओ' सेटिंगमध्ये 'क्वालिटी ऑफ सर्व्हिस'ची एक खूण आहे, राउटरने आवाजाच्या पाकिटांना आधी वाट द्यावी म्हणून. काही राउटरना ती मानवत नाही. एकदा काढून बघा.

प्रश्न : घराला लागूनच माग आहेत. व्यापाऱ्यांशी आणि डिझाइन काढणाऱ्यांशी ग्रुप कॉलवर बोलावं लागतं. नॉइज सप्रेशन लावलं की माझेच शब्द अर्धे कापले जातात, काढलं की मागाचा खडखडाट सगळ्यांना ऐकू जातो. मध्येच आवाज फाटतो. कोणता माइक घेऊ? (वडगाव, बेळगाव)

माइकच्या किमतीपेक्षा त्याचं तोंडापासूनचं अंतर महत्त्वाचं आहे. नेहमीच्या बोलण्याचा आवाज एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतो आणि अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल वाढतो. अर्ध्या मीटरवर ६६, पाव मीटरवर ७२, आणि तोंडापासून तीन सेंटिमीटरवर ९०च्या आसपास. भिंतीपलीकडून येणारा मागाचा आवाज तुमच्या खोलीत ७० असेल, तर टेबलावर ठेवलेल्या फोनला माग तुमच्यापेक्षा मोठ्याने ऐकू येतो. तिथं कुठलंही सॉफ्टवेअर हात टेकणारच. तोंडाजवळ दांडी येणारा साधा वायरचा हेडसेट घ्या. दांडीचं टोक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन-तीन सेंटिमीटरवर, पण श्वासाच्या धारेत नको. अगदी समोर धरलं की 'भ' आणि 'फ'ची हवा थेट माइकवर आदळते. टोकाला स्पंजचं बोंडूक असू द्या.

माइक जवळ आला की लेव्हल खाली आणायची. हे बहुतेकजण विसरतात आणि म्हणून फाटतो. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, साऊंड, रेकॉर्डिंग, तुमचा माइक, प्रॉपर्टीज, लेव्हल्स. तिथं 'मायक्रोफोन बूस्ट' +२० किंवा +३० वर असेल तर शून्यावर आणा, फार तर +१०. व्यापाऱ्याशी भावावरून घासाघीस करताना जसा आवाज चढतो तसं बोलून बघा आणि मीटर कधीही टोकाला टेकणार नाही अशी लेव्हल ठेवा. मीटरचं टोक म्हणजे शून्य; सगळ्यात मोठा शब्द त्याच्याखाली, उणे १२ ते उणे ६ डेसिबलपर्यंत पोचला की पुरे. माइकपाशीच जी लाट वरून कापली गेली ती पुढे कुणालाच जोडता येत नाही. ऐकणाऱ्याने व्हॉल्यूम कमी केला तर फाटलेला आवाज हळू ऐकू येतो, एवढंच.

आता नॉइज सप्रेशन, म्हणजे गोंगाट गाळणारी सोय. पंख्यासारखा एकसुरी आवाज ते सहज काढतं. मागाचा धोटा ठोके देतो, आणि प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरला नव्याने ओळखावा लागतो. ठोका आणि 'ट', 'क' यांत त्याची गल्लत होते, म्हणून तुमचे शब्द खाल्ले जातात. हे सप्रेशन एकाच ठिकाणी चालू ठेवा. अॅपमध्ये एक, लॅपटॉपच्या साऊंड ड्रायव्हरमध्ये दुसरं, हेडसेटच्या स्वतःच्या अॅपमध्ये तिसरं असं असेल, तर एकाने सोललेला आवाज दुसरा पुन्हा सोलतो. मधलं किंवा कमी प्रमाण निवडा.

'ऑटोमॅटिक गेन कंट्रोल' मात्र तुमच्यासाठी वाईटच, बंद करा. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की त्याला वाटतं आवाज कमी झाला. ते लेव्हल चढवतं, मागाचा खडखडाट फुगतो, आणि तुम्ही पुढचा शब्द उच्चारलात की चढलेल्या लेव्हलवर तो फाटतो. 'मध्येच फाटतो' हे त्याचंच लक्षण. डिस्कॉर्डमध्ये 'इनपुट सेन्सिटिव्हिटी', म्हणजे केवढ्या आवाजाला माइक उघडायचा ती खूण, ऑटोवरून काढून हाताने लावा. गप्प बसून पट्टी कुठवर येते बघा. मागाचा आवाज उणे ४५ पर्यंत येत असेल आणि तुमचा उणे २० पर्यंत, तर खूण उणे ३५ ला ठेवा. त्याहून बरं म्हणजे 'पुश टू टॉक': बटण दाबाल तेव्हाच माइक उघडेल. दोन दिवसांत बोटाला सवय होते.

प्रश्न : ब्लूटूथ इअरबडवर गाणी एकदम झकास वाजतात. पण ग्रुप कॉलला जॉइन झालो की सगळ्यांचा आवाज जुन्या लँडलाइनसारखा येतो. बड महागाचे आहेत. बिघडले काय? (निपाणी)

बिघडलेले नाहीत. ब्लूटूथवर गाणी ऐकताना एटूडीपी नावाची पद्धत चालते: आवाज फक्त फोनकडून कानाकडे, दोन्ही कानांना वेगवेगळा, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तितके हजार नमुने घेऊन. माइक चालू झाला की आवाज दोन्ही दिशांनी न्यावा लागतो आणि जोडणी एचएफपी या हँड्सफ्रीच्या पद्धतीवर उतरते. तिथं दोन्ही दिशांना मोनो, आणि नमुने घेण्याचा दर जुन्या सीव्हीएसडी कोडेकवर ८ किलोहर्ट्झ, एमएसबीसीवर १६. ८ वर 'स' आणि 'श' यांतला फरक जवळपास पुसला जातो. किमतीने यात फारसं काही बदलत नाही.

उपाय असा की कानाला बड ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा. अॅपच्या सेटिंगमध्ये 'आउटपुट' हेडफोन्स, 'इनपुट' लॅपटॉपचा माइक. विंडोज १० मध्ये एकाच बडची दोन नावं दिसतात, 'स्टिरिओ' आणि 'हँड्स-फ्री'. आउटपुटला स्टिरिओवालं नाव निवडा. मोबाईलवर असं वेगळं करायची सोय बहुधा नसते, तिथं वायरचा इअरफोन बरा. अडीचशे-तीनशेच्या वायरच्या इअरफोनचा माइक कॉलमध्ये महागड्या बडला हरवतो, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे खरं.

ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं. लॅपटॉप त्याच पट्टीच्या वायफायवर असेल आणि आवाज खरखरत तुटत असेल, तर लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झवर न्या.

प्रश्न : आमच्या गावातलं भजनी मंडळ दर एकादशीला पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांना झूमवर जोडून घेतं. मृदंग आणि टाळ सुरू झाले की आवाज गायब होतो नाहीतर कचऱ्यासारखा येतो. देवळातल्या अॅम्प्लिफायरवरून वायर काढून फोनला लावली, तर फाटूनच यायलाय. आणि पोरं तिकडून म्हणू लागली की ताल चुकतो. काय करायचं सांगा की. (खानापूर तालुका)

तुमच्या पत्रात तीन वेगळे दोष एकत्र आलेत. एकेक सोडवू.

पहिला, टाळ गायब होणं. कॉलची अॅपं माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहेत. टाळाचा खणखणाट त्यांच्या लेखी गोंगाट, पेटीचा धरलेला सूर म्हणजे पंख्याची घरघर. सॉफ्टवेअर इमानेइतबारे दोन्ही काढून टाकतं. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय आहे. तो चालू करा आणि मीटिंग सुरू झाल्यावर वर दिसणारं त्याचं बटणही 'ऑन' करा. नुसतं सेटिंगमध्ये लावून बटण विसरलं की काहीच बदलत नाही. कॉम्प्युटरवर त्याच्याखाली 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड' मिळतो, नेट चांगलं असेल तर तोही लावा. 'इको कॅन्सलेशन' बंद करायची सूचना तिथंच असते. देवळात पलीकडच्या पोरांचा आवाज स्पीकरवर सोडणार नसाल तरच ते बंद करा, नाहीतर भोंगा शिट्ट्या मारेल.

दुसरा, वायरमधून फाटणं. अॅम्प्लिफायरच्या लाइन आउटमधून साधारण ०.३ ते १.२ व्होल्टचा सिग्नल येतो. फोनच्या माइकची वाट काही मिलिव्होल्टसाठी असते. शंभरपट मोठा सिग्नल आत ढकलल्यावर तो फाटणारच, आणि फोनचा व्हॉल्यूम कमी करून उपयोग नाही, कारण तो व्हॉल्यूम माइकचा नव्हेच. सिग्नल आधीच ४० डेसिबलने उतरवावा लागतो.

त्याआधी एक धोक्याची सूचना: वायर भोंग्याच्या टर्मिनलवरून कधीही घेऊ नका. देवळांतल्या अॅम्प्लिफायरवर ७० किंवा १०० व्होल्टची लाइन असते. फोन तर जळेलच, हातालाही झटका बसू शकतो. फक्त 'लाइन आउट', 'रेक आउट' किंवा 'प्री आउट' लिहिलेली जागा.

सरळ मार्ग म्हणजे लाइन इनपुट असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाजाचे आकडे करून देणारी डबी) आणि ती फोनला जोडायला ओटीजी केबल. घेताना 'लाइन इन' लिहिलंय ना हे बघा. नुसता माइकचा खाचा असेल तर पुन्हा तेच रडगाणं. पैसे वाचवायचे असतील तर गावातला रेडिओ दुरुस्त करणारा हे अर्ध्या तासात जोडून देईल: लाइन आउटच्या गरम तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढच्या टोकापासून अर्थला १०० ओहमचा. या जोडावरून १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, अधिक टोक फोनच्या बाजूला, तिथून फोनच्या पिनेचा माइक. आणि फोनच्या माइक आणि अर्थ यांच्यामध्ये २.२ किलोओहम. तो शेवटचा रेझिस्टर गाळला तर फोनला माइक जोडलाय हेच कळत नाही. कपॅसिटर गाळला तर १०० ओहम थेट समोर दिसतो, आणि फोनला वाटतं हेडफोनचं बटण कुणीतरी दाबून धरलंय. कॉल आपोआप तुटू लागतो. पीन चार पट्ट्यांची हवी. आजच्या फोनना चालणाऱ्या सीटीआयए मांडणीत टोक डावा कान, पहिली कडी उजवा, दुसरी कडी अर्थ आणि सगळ्यात मागची पट्टी माइक. तीन पट्ट्यांच्या पिनेला माइकच नसतो.

जोडल्यावर मृदंगाच्या थापेवर लेव्हल लावा, गाण्यावर नको. गाणं सुरात असताना ठीक दिसणारी लेव्हल धुमाळीत टोकाला जाते. आणि टाळकऱ्यांना माइकपासून चार पावलं मागे उभं करा. टाळ सगळ्यांत तीक्ष्ण असतात, त्यांना माइकची गरज नाही. माइक पेटीला आणि म्हणणाऱ्याला द्या.

तिसरा, ताल चुकणं. याला उपाय नाही, आणि आहे असं सांगून कुणी अॅप विकत असेल तर घेऊ नका. एकत्र गाताना-वाजवताना पंचवीस-तीस मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की लय मागे ओढली जाते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांबच्या टाळकऱ्याचा आवाजच २९ मिलिसेकंदांनी येतो. ग्रुप कॉलमध्ये एका दिशेलाच दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. म्हणजे गावाचा आवाज पुण्याला अर्ध्या मात्रेने उशिरा पोचतो, आणि पोरांचं म्हणणं परत गावात येईपर्यंत जवळपास एक मात्रा उलटून गेलेली असते. तेव्हा पलीकडच्यांनी माइक बंद ठेवून आपल्या घरी मनसोक्त म्हणावं. त्यांना ताल बरोबर लागेल, कारण त्यांच्यापर्यंत एकच वाट येते. पोरांचंही गावाला ऐकवायचं असेल तर पाळीने: एक अभंग गावाचा, पुढचा पुण्याचा, आणि त्या वेळी गावाने माइक बंद करायचा.

प्रश्न : कवितावाचनाच्या ऑनलाइन बैठकीत आमच्याच घरातून बोललं की आवाज दोनदा ऐकू जातो आणि मग शिट्टी. बाबा एका फोनवर, मी दुसऱ्या. (येळ्ळूर)

एका खोलीत दोन फोन. बाबांच्या फोनमधून निघालेला आवाज तुमचा माइक उचलतो, तुमच्या स्पीकरमधून निघालेला त्यांचा. अॅपचं इको कॅन्सलेशन स्वतःच्या स्पीकरचा आवाज ओळखतं, शेजारच्या फोनचा नाही. एकाने स्पीकर आणि माइक दोन्ही बंद करावं, किंवा दोघांनीही इअरफोन लावावा. नुसता माइक बंद करून भागत नाही.  

प्रश्न : लॅपटॉपला चार्जर लावला की कॉलमध्ये सगळ्यांना सतत गुणगुण ऐकू जाते. काढला की थांबते. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर तर आणखी वाढते. (संकेश्वर)

तपास तुम्हीच केलाय. गुणगुण ५० हर्ट्झच्या विजेची आहे, अर्थिंग धड नसल्याने ती माइकच्या वायरीत उतरते. लॅपटॉपची तीन पिनांची पीन दोन पिनांच्या अॅडॉप्टरमधून लावली असेल तर तो काढा आणि अर्थ असलेल्या सॉकेटात लावा. सॉकेटात अर्थची वायर खरोखर जोडलीय का, हे वायरमनकडून तपासून घ्या; भोक असतं, मागे वायर नसते, असं जुन्या घरांत पुष्कळदा सापडतं. साध्या इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते, तिच्यात ५० च्या पटीतले वरचे सूर भरपूर असतात, म्हणून गुणगुणीची खरखर होते. दुरुस्ती होईपर्यंत बॅटरीवर बोला, किंवा ३.५ मिमीच्या खाच्याऐवजी यूएसबी हेडसेट घ्या. त्यात आवाजाचे आकडे हेडसेटमध्येच बनतात, वायरीतून सुरांऐवजी आकडे जातात, आणि गुणगुण बहुतेक वेळा तिथंच संपते.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे मोबाईलला एक-दोन काड्याच असतात. ग्रुप कॉल तुटत राहतो. पत्र्यावरचा पाऊसही ऐकू जातो. कमी डेटात भागेल असं काही? (जांबोटी)

भागेल. डिस्कॉर्डवर बोलत असाल तर ग्रुपच्या मालकाला चॅनेलचा बिटरेट, म्हणजे आवाजासाठी सेकंदाला जाणारा डेटा, उतरवायला सांगा. डिस्कॉर्डचा नेहमीचा ६४ केबीपीएस असतो. बोलण्यासाठी २४ ते ३२ पुरतो. हिशोब असा: प्रत्येक पाकिटावर पत्त्याचे वगैरे किमान ४० बाइट चढतात, सेकंदाला ५० पाकिटं, म्हणजे १६ केबीपीएस नुसतं वेष्टन. ६४ अधिक १६ मिळून ८०, तासाला ३६ एमबी. २४ वर आणलं तर ४०, तासाला १८ एमबी. हे एका बोलणाऱ्याचं. चौघे एकदम बोलले तर तुमच्याकडे चौपट डेटा येतो, म्हणून न बोलणाऱ्यांनी माइक बंद ठेवला की तुमचं नेट वाचतं. व्हिडिओ अर्थातच बंद, दुसऱ्यांचा बघायचाही नाही.

काड्यांपेक्षा फोन जागेवर टिकतो का हे बघा. कधी एक टॉवर, कधी दुसरा, कधी ४जी, कधी खालचं असं चालू असेल तर प्रत्येक उडीला आवाज तुटतो. सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार ठरवून द्या आणि फोन खिडकीत एका जागी ठेवून वायरच्या इअरफोनवर बोला. हातात घेऊन फेऱ्या मारू नका. पत्र्यावरचा पाऊस एकसुरी असतो, मागासारखा ठोके देत नाही, त्यामुळे नॉइज सप्रेशन त्याला बऱ्यापैकी आवरतं. तुम्ही ते चालूच ठेवा.

प्रश्न : एकाचा आवाज एकदम जाडा आणि संथ येतो, कॅसेट अडकल्यासारखा. (उद्यमबाग, बेळगाव)

नमुना-दर जुळत नाहीये. त्याच्या माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अॅडव्हान्स्ड' टॅबवर ४८००० हर्ट्झ लावा, स्पीकरलाही तेच, आणि खालची 'एक्सक्लुझिव्ह मोड'ची दोन्ही चौकटीतली खूण काढा. अॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

प्रश्न : फोनला नवं कव्हर घातल्यापासून सगळे म्हणतात मी उशीत तोंड घालून बोलतोय. (चिकोडी)

कव्हर काढून एकदा बोला. फोनला खाली एक माइक असतो आणि बहुतेक फोनना वर किंवा मागे कॅमेऱ्याजवळ दुसरा, गोंगाट ओळखायला. कव्हरने खालचा झाकला तर आवाज दबतो. मागचा झाकला तर फोनला गोंगाट आणि बोलणं वेगळं करता येत नाही आणि तो बोलणंच कापतो. भोक कव्हराच्या भोकाशी जुळत नसेल तर कव्हर बदला. भोकात धूळ असेल तर मऊ कोरड्या टूथब्रशने वरच्यावर झाडा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतला पडदा फाटला की माइकच बदलावा लागतो.